तोर्चेलोची शेवटची बोट

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल – बघते.

कुंदा आणि मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. ती मिरजेची, मी नागपूरची. दोघी काचेवर संशोधन करायचो – एकच लॅब, एकच प्रोफेसर, एकच भट्टी. गावात धड इंडियन दुकान नव्हतं; कोणी कारने पिट्सबर्गला निघालं की त्याच्या हातात तूरडाळीची चिठ्ठी द्यायची. सकाळी कॅम्पसची बस आली की मी मागून धावत यायचे, आणि कुंदा पायरीवर एक पाय ठेवून ड्रायव्हरशी गप्पा मारत उभी असायची, मी पोचेपर्यंत. हे मुद्दाम सांगतेय. उशीर करणारी मी होते. ती नव्हे.

एका वर्षी व्हेनिसला काचेवर एक परिषद होती. आमचा पेपर निवडला गेला. मूळ कल्पना कुंदाची, मोजमापं माझी – आठ महिने मी त्या भट्टीसमोर काढले होते. भुवया करपल्या होत्या माझ्या. प्रोफेसर म्हणाले, कुंदा बोलेल. मी म्हटलं, ऑफ कोर्स. आणि ते बरोबरही होतं – ती छान बोलायची, लोक ऐकत राहायचे. बरोबर आहे हे कळूनही एखादी गोष्ट टोचत राहते ना? मला टोचत होती. विमानातसुद्धा टोचत होती.

परिषदेच्या तीन दिवस आधी आम्ही पोचलो. पुन्हा कधी यायला मिळणार, म्हणून. नोव्हेंबर होता. मोठ्या चौकात भरतीचं पाणी चढलेलं, लोक फळ्यांवरून एकामागे एक चाललेले. दारांच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, आणि खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. कुंदाला सगळ्याचं नवल. घाट आहे गं हा, म्हणाली, सगळं गावच घाट आहे. पहिल्याच दिवशी तिचं घड्याळ बंद पडलं, त्यामुळे ती सारखी मला वेळ विचारायची. किती वाजले, शुभा? शुभा, बोट कधीची? तिथे बसेससारख्या चालणाऱ्या बोटींचं वेळापत्रक मी वहीत उतरवून घेतलं होतं. तो भाग माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी मुरानो, काचेच्या भट्ट्यांचं बेट. तिथे एका कारागिराने वितळलेल्या गोळ्यातून चिमट्याने बघता बघता घोडा काढला, आणि कुंदाने खाणाखुणा करून त्याला भट्टीचं तापमान विचारलं. तो हसला, तिला आत नेऊन दाखवलं. मी बाहेर तिचा कोट धरून उभी. मग पुढचं बेट, बुरानो – रंगीत घरं, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. तिने आईसाठी लेसचा रुमाल घेतला. आम्ही एका बाकावर बसून तिने आणलेला चिवडा खाल्ला. मी खूश होते – हेही खरंच आहे. राग होता आणि खूशही होते. मला कोणी त्या दिवशी विचारलं असतं, ही तुझी कोण, तर मी मैत्रीणच म्हटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तोर्चेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिचं भाषण.

तोर्चेलो म्हणजे जवळजवळ रिकामं बेट. धक्क्यावरून कालव्याच्या कडेने दहा मिनिटं चालायचं, मग गवत, चार घरं आणि एक फार जुनं चर्च. आत भिंतीवर सोनेरी काचेचे इवले इवले तुकडे – दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख. कुंदा त्या भिंतीसमोर गेली आणि तिथेच राहिली. वही काढली, काहीतरी लिहायला लागली. मला थंडी वाजत होती. मी म्हटलं, बोटीचं बघून येते.

इथपर्यंत मी अनेकदा येते. इथे आले की थांबते.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी धक्क्यावरची पाटी चुकीची वाचली. इटालियन पाटी, धुकं उतरायला लागलेलं – होते चूक. मग काही वर्षं सांगितलं, की मी बरोबर सांगितलं, तिने चुकीचं ऐकलं. चर्चमध्ये आवाज घुमतो. घुमतो ना?

नाही. पाटी वाचायची वेळच आली नाही. धक्क्यावर एक माणूस होता. त्याने मला बघून धुक्याकडे हात केला, चार बोटं वर केली आणि मग दोन्ही हात आडवे फिरवले. चारची, त्यानंतर बंद. सव्वातीन झाले होते. मी चालत परत गेले. पूर्ण दहा मिनिटं. या दहा मिनिटांत मी काय विचार केला ते मला आठवतं, आणि ते मी इथे सजवून सांगणार नाही – मी विचार केला, की ही उद्या नसली तर मी बोलेन.

कुंदाने मान वर न करता विचारलं, "कधीची आहे गं?"

"शेवटची साडेपाचची," मी म्हटलं. "तू बघ निवांत. मी पुढे होते, डोकं दुखतंय माझं."

"गोळी घे गं. पर्समध्ये आहे माझ्या." आणि तिने पर्स पुढे केली.

मी गोळी घेतली. डोकं दुखत नव्हतं. चारच्या बोटीत चढले. बेट मागे दिसेनासं करायला धुक्याला एक मिनिटही लागलं नाही.

संध्याकाळी हॉटेलवर निरोप आला – एका म्हातारीने तिला घरी ठेवून घेतलंय, ती ठीक आहे, सकाळी बोटी सुटल्या की येईल. म्हणजे ती सुखरूप असल्याचं मला कळलं होतं. तेव्हाही वेळ होता. परिषदवाल्यांना सांगून भाषण दुपारवर ढकलता आलं असतं. दुसऱ्या एकाचं तसं ढकललंही होतं. परिषदेला आलेल्या प्रोफेसरांना मी एवढंच सांगितलं, की कुंदाची बोट चुकली. मग तिच्या फोल्डरमधून प्रोजेक्टरवर ठेवायच्या ट्रान्सपरन्सी काढल्या आणि आरशासमोर उभी राहिले.

सकाळी मी बोलले. चांगलं बोलले. लोकांनी प्रश्न विचारले, भट्टीबद्दल विचारले, आणि भट्टी तर माझीच होती. टाळ्या पडल्या. प्रोफेसर बाहेर येऊन म्हणाले, जिला बोट पकडता येत नाही तिच्यावर मी प्रोजेक्ट कसं सोपवू? मी गप्प राहिले. हे लिहिताना कळतंय की तोर्चेलोपेक्षा हे गप्प राहणं मोठं आहे. तोर्चेलोला मला दहा मिनिटं होती. याला पुढची सगळी वर्षं मिळाली.

कुंदा दुपारी आली. केस दमट, ओठ निळे. धावत आली आणि मला मिठी मारली.

"माझंच चुकलं," म्हणाली. "तू साडेतीन म्हणाली असशील, मी साडेपाच ऐकलं. बरं झालं तू होतीस. नाहीतर आपला पेपरच गेला असता."

साडेतीनला तर मी तिच्यासमोर उभी होते. तिच्याकडे घड्याळ असतं तर तिला हे कळलं असतं.

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "होतं असं."

तो हिवाळाभर तिचा खोकला गेला नाही. पुढचं प्रोजेक्ट मला मिळालं, त्यातून माझी पीएचडी, त्यातून नोकरी. ती मास्टर्स घेऊन बाहेर पडली. प्रोफेसरांनी तिला जा म्हटलं नाही. फक्त तिला काही देणं बंद केलं. लग्न करून ती जर्सी सिटीला गेली, एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायला लागली. लग्नाच्या दिवशी मी तिच्या मागे उभी होते, नारळ घेऊन.

आणि पार्ट्यांमध्ये ती बोटीची गोष्ट सांगायची. स्वतःची नक्कल करून, हात उडवत – मी अशी वेंधळी, चर्चमध्ये बसले आणि माझं करिअर बोटीतून निघून गेलं. लोक हसायचे. मीही. तिची मुलगी ईशा मला एकदा सहज म्हणाली, "मावशी, आई ना एअरपोर्टला चार तास आधी जाते. शी डझन्ट ट्रस्ट हरसेल्फ विथ टाइम." मी चहाचे कप उचलले.

तीन वर्षांपूर्वी कुंदा आजारी पडली. मी भेटायला गेले. खिडकीतून स्टेशनकडे जाणारी माणसं दिसत होती, सगळी घाईत. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "शुभा, त्या धक्क्यावर खरंच काय वेळ होती गं? आठवतं तुला?"

तिने का विचारलं? तिला माहीत होतं का? किती दिवसांपासून? मला कळायला मार्ग नाही. एवढं खरं, की तिने विचारलं आणि ती थांबली. माझ्याकडे बघत थांबली.

मी म्हटलं, "नाही गं. किती वर्षं झाली."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली, आणि पांघरूण नीट करायला लागली.

दीड महिन्याने ती गेली. बिल्डिंगच्याच हॉलमध्ये सगळे जमले होते. ईशाने मला आग्रह केला – मावशी, तू तिची सगळ्यात जुनी मैत्रीण, तू काहीतरी बोल. मी उभी राहिले. समोर तिचा नवरा, दुकानातले लोक, शेजारी. आणि मी बोटीची गोष्ट सांगितली. ती सांगायची तशीच, तिच्या वेंधळेपणासकट, तिच्यासारखे हात करून. लोक हसले. काहींनी डोळे पुसले.

मी खाली बसले तेव्हा ईशाने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "थँक यू, मावशी. तू तिच्याबद्दल अगदी बरोबर सांगितलंस."

मी म्हटलं, "हो."