हं म्हणणारा पाडा
माझ्या मायक्रोफोनच्या स्पंजला अजून चुलीच्या धुराचा वास येतो, आणि तो आला की बोरिवलीच्या जंगलातला वारली पाडा आठवतो. पाड्याच्या जमिनीच्या सुनावणीत एका साहेबाने बेधडक सांगितलं होतं, इथे जुनी वस्ती नव्हतीच. माझं डोकं फिरलं. पाड्यावरच्या एका काकांना वाघदेवाची गोष्ट पाठ होती आणि तिच्यात इथे तो देव मांडणाऱ्या पूर्वजांची पिढ्यान्पिढ्यांची नावं होती. ती रेकॉर्ड करून साहेबाला ऐकवायचीच, असं मी ठरवलं. काका रिक्षा लावून खाकी शर्टातच शेणाने सारवलेल्या अंगणात बसले. भोवती बायका, म्हातारे, कोंबड्या. "आवाज साफ पाहिजे, कुणी हूं की चूं करायचं नाही," मी दम भरला. काका दोन वाक्यं बोलले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. "काय काका, विसरलात?" "मी कशाला विसरू? अगं, कुणी हं म्हणेना. भिंतीला गोष्ट सांगू काय?" एक बाई खिदळली, "हिनेच तोंडं शिवलीत ना सगळ्यांची!" मी खजील होऊन म्हटलं, "बरं, म्हणा हं." मग गोष्ट जी सुटली! एकेका पूर्वजाच्या नावाला अख्खं अंगण हं म्हणत होतं, शेवटी मीसुद्धा. एडिटिंग करणारा मित्र म्हणाला, "यार, हे हं हं कापून टाकतो." "हात तर लाव!" मी ओरडले. आज काका नाहीत. पण इथे वस्ती नव्हती म्हणणारे साहेब अजून भेटतात, आणि मी त्यांना तीच फाईल ऐकवते: एक माणूस सांगतोय आणि अख्खी वस्ती त्याला हं म्हणतेय.