थांबलेली सुई

लोणावळ्याच्या दवाखान्यात आईचं रक्त घ्यायला एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. मोठ्या डॉक्टरांनी तिला नुकतंच सगळ्यांदेखत झापलं होतं. डोळे अजून लाल होते. आईची शीर चाचपून तिनं सुई उचलली आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

"आजी, माझा हात थरथरतोय. जरा थांबू? उगाच दुखेल तुम्हाला."

"थांब की. मला कुटं गाडी गाठायचीय?" आईनं तिची बोटं मुठीत धरली.

मागून मोठ्या डॉक्टरांचा "आटपा!" असा आवाज आला. पोरगी हलली नाही. हात स्थिरावल्यावर मग एकदाच टोचलं, नीट.

नाव विचारायचं राहिलं. गावी, औंढ्यात, आई मात्र भेटेल त्याला हात पुढं करून सांगते, "आमच्या डागदरीणबाईनं टोचलंय. हात कापतोय म्हनून सांगायला छाती लागती."