कवटीखालची रेघ

एमआरआयची फिल्म मी आमच्या बेसाच्या घरात खिडकीच्या काचेवर चिकटवली, ती बायकोला खोटं पाडायला. दोन वर्षं तिचं एकच चाललं होतं. खोकलं की डोक्याच्या मागे कळ, वाकलं की कळ, हसलं तरी कळ. उजव्या हाताची बोटं बधिर. तव्यावर बोट भाजलं तेही तिला कळलं नाही, तेव्हा मी खेकसलो होतो, "लक्ष कुठं असते तुझं?" शेवटी कटकट मिटवायला एमआरआय काढला. रिपोर्ट आला : मेंदूचं मागचं टोक तीन मिलिमीटर खाली, विशेष काही नाही.

"पाहून घे वं," मी म्हणालो, "काही झालं नाही तुले."

मेंदूचं हे टोक कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत उतरतं, असा एक आजार असतो. भोकाच्या पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत रेघ मारायची आणि टोक तिच्या किती खाली आलं ते मोजायचं. तीन म्हणजे सोडून द्या, पाचाच्या पुढे गेलं की डॉक्टर कान टवकारतात. हे मला एमआरआय सेंटरवरच्याच माणसाने सांगितलं होतं.

रेघ फिल्मवर छापलेली होती. मी जन्मभर मौद्याकडे शेतांची सरकारी मोजणी केली. रेघ दिसली की आधी तिची दोन्ही टोकं पाहतो. पुढचं टोक हाडावर होतं. मागचं हाड सोडून चांगलंच खाली, मांसात. खूणच खाली घसरली तर मोजमाप कमी भरणारच. माझ्या हाताखालच्या कुणी अशी मोजणी केली असती, तर त्याच्यासमोर नकाशा फाडला असता मी.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गेलो. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर पोरसवदा होता. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण हाड कुठं संपते ते मले दिसून राहिलं. तुमाले काहून दिसत नाही?"

"हे शेत नाही, काका."

माझं टाळकं सरकलं. समोर मोजल्याशिवाय हलणार नाही म्हणालो, तेही अशा आवाजात की बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. त्याने तोंड वाकडं करत स्क्रीनवर रेघेचं मागचं टोक उचलून हाडावर ठेवलं. आकडा बदलला. सात.

"कर्सर थोडा खाली पडला होता," तो म्हणाला. सॉरी वगैरे काही नाही. मग मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवा रिपोर्ट हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आठवड्याने मेंदूच्या सर्जनची वेळ मिळाली. त्याने फिल्म पाहिली, तिच्या बोटांना सुई टोचून पाहिली, ऑपरेशन करावं लागेल म्हणाला. मग तिला विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"सात मिलिमीटर आहे, डॉक्टर," मी मध्येच म्हणालो. "सेंटरवाल्यांनी तीन लिहिलं होतं. मी पकडलं."

"आकडा राहू द्या. मी त्यांना विचारलं."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले दोन वर्षांपासून. ह्यांले आठ दिवसांपासून."