पहिल्या पिशवीतली चिठ्ठी

बाबांनी आयुष्यात जिवापाड जपलं काय, तर एक प्लास्टिकची पिशवी. आत घडी घातलेली चिठ्ठी. बाबा पिशव्यांच्या कारखान्यात फिटर, आणि मावशीचे यजमान, म्हणजे काकाही तिथेच, शेजारच्या मशीनवर. दाबली की बंद, ओढली की उघडी अशी पिशवी कारखान्यात पहिल्यांदा कुणी काढली, यावरून या दोन साडूंचं फाटलं. एका काठावर कंगोरा, दुसऱ्यावर खाच, एवढीशी गोष्ट. बाबा म्हणत मी, काका म्हणत मी. पुरावा म्हणजे त्या पहिल्या पिशवीतली ही चिठ्ठी, आणि ती बाबांकडे. त्यापायी अकरा वर्षं मावशीकडे जाणं-येणं बंद. मावसबहिणीच्या लग्नालाही आई गेली नाही. ती गेली तर आपण खोटे ठरू, असं बाबांचं म्हणणं.

मग चिठ्ठी दाखवा आणि मिटवा एकदाचं, असं म्हटलं की ते खवळायचे. उघडलेल्या पुराव्याला किंमत राहत नाही म्हणे. मात्र चिठ्ठी आपल्या हातची आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आमचे कान किटले होते.

शेवटी कारखान्याने दारात पाटी लावायचं ठरवलं आणि पुराव्यासह नाव मागवलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, पिशवी उघडली आणि चष्मा सापडेना म्हणून चिठ्ठी माझ्याकडे दिली. अक्षर बाबांचंच होतं. ‘कल्पना’ या शब्दापुढे नाव होतं काकांचं.

मग त्यांना आठवलं. नव्या नमुन्याची चिठ्ठी तो नमुना बनवणाऱ्याने लिहायची नाही, शेजारच्याने साक्षीदार म्हणून लिहायची, असा तिथला नियम. नवीन आलेल्या प्रत्येकाला हा नियम बाबाच शिकवायचे. हसावं की रडावं, मला कळेना. संताप मात्र आला.

"ठेव परत आत," बाबा पुटपुटले.

आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "ती चिठ्ठी तुम्ही नेताय, की मी नेऊ?"

बाबा गेले. तासाभराने आले, काकांचं नाव देऊन आलो म्हणाले आणि आईला दोनदा हाक मारली.

"मावशीकडे गेली ती," मी सांगितलं.

"मला न विचारता?"

"हो."

शर्ट न बदलताच ते खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "परत कधी येते म्हणाली?"

ते तिने मलाही सांगितलं नव्हतं.