मधली बांगडी

आयुष्यात मी येडेपणाचे उद्योग पुष्कळ केले, पण त्यातला अव्वल नंबरचा हा — लग्नात वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ मी पावडरच्या एका पत्र्याच्या डब्यात घातलं आणि तो डबा समुद्राच्या तळाशी सोडला. समुद्र लातुरात होता. हसा, हसा. आमच्या घरात सगळे हसतात. सुनांना ही गोष्ट पाठ आहे, मी दम खायला थांबले तर त्या पुढचं वाक्य म्हणतात.

पण मी सांगते ती अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी आजवर कुणाच्या कानावर गेलेली नाही. आमचे हे होते तेव्हा त्यांच्याही नाही. तोंडाशी येते — आणि मी चहा ठेवायला उठते.

परवाही उठले. नात माझी, मुक्ता, लातूरला क्लासला असते. मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. खोल समुद्रात माणसं घेऊन उतरलेली कुठलीशी पाणबुडी दाबाखाली चिरडली, त्याची बातमी होती. आज्जी, तू तर सायन्सची बाई होतीस, असं एका झटक्यात कसं होतं, म्हणाली. झालं! म्हातारीला खडू सापडला. मी अर्धा तास बोलले. वर जेवढं पाणी, तेवढा त्याचा भार, आणि तो भार फक्त डोक्यावर नसतो — सगळ्या अंगानं आवळतो. आतली हवा साधी, आपल्या घरातल्यासारखी. ती काही उलट रेटा देत नाही. सगळं ओझं भिंतीवर. भिंत गोल असली की प्रत्येक कण शेजारच्याला टेकून उभा राहतो, म्हणून टिकते. पण एका जागी ती जराशी आत गेली, की मग टेकायला शेजारी उरत नाही. पाण्याला आत शिरायला भोकसुद्धा लागत नाही गं. आणि आधी कितीदा बुडी मारून सुखरूप वर आली, याला काही अर्थ नाही. प्रत्येक बुडीत कुठंतरी बारीक काहीतरी हललेलं असतं, ते दिसत नाही.

मुक्तानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग बनवणाऱ्यांपैकी एकालाही आधी माहीत नव्हतं का, की काय काढलंय, काय कमी केलंय?

मी चहा ठेवायला उठले.

तर आता ऐका. लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या, साहेब नवे. पाऊस मात्र कुणी नवा आणला नव्हता. मी जळकोटच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. वय सव्वीस, अंगात बीएस्सीची मस्ती, डोक्याला गजरा — पाणी प्यायला नव्हतं, पण बाईंना गजरा लागायचा! गावात टँकर यायचा. शाळेची उंच टाकी कोरडी ठणठणीत, तिच्यात कबुतरं नांदत होती. आणि अशात नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन निघालं.

माझ्या दहावीच्या वर्गात यशोधरा होती. बौद्धवाड्यातली. आई-वडील दोघंही रोजगार हमीवर खडी फोडायला. पोरगी बोलायला कमी, पण तिचे हात सारखे काहीतरी करत असायचे. वडिलांनी तिला बजावलं होतं, की जिल्ह्यात नंबर आला तर लातूरच्या वसतिगृहात टाकतो, पुढं शिक. न्हाई आला तर उन्हाळ्यात लगीन. हे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा — मला ठाऊक होतं.

तिनं मांडलं खोल समुद्राचं. मला हसूच आलं. अगं, घागरभर पाण्याला बायका टँकरपाशी झिंज्या उपटतात, आणि तू समुद्र आणणार कुठून? पण पुस्तकातलं एक वाक्य तिनं धरून ठेवलं होतं, की दाब पाण्याच्या उंचीवर असतो, पाणी किती आहे यावर नाही. वाक्य मीच शिकवलं होतं. शिकवलं होतं म्हणजे काय, वाचून दाखवलं होतं.

तेव्हा गावोगाव बोअर पाडायच्या गाड्या फिरत. त्यांच्या केसिंग पाइपाचा एक जाडजूड तुकडा आम्ही मागून आणला. बूड वेल्डिंग करून घेतलं, वर नटबोल्टचं झाकण, मध्ये ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर. झाकणाला गवंडी लोकांची लेव्हलची पारदर्शक नळी जोडली आणि ती शाळेच्या टाकीवर नेऊन बांधली. पाइपात बादलीभर पाणी आणि नळीत तांब्याभर, कुंकू कालवून लाल केलेलं. झाला समुद्र! तांब्याभर पाण्यात समुद्र केला पोरीनं, त्या दुष्काळात.

आणि पाणबुडी म्हणजे पावडरचा लांबट गोल डबा. पत्रा अगदी पातळ, अंगठ्यानं दाबला तर टपकन खड्डा पडेल असा. नुसता डबा तळाशी टिकत नव्हता, चेपून निघायचा. मग एके दिवशी यशोधरानं आईच्या हातातल्या गिलटाच्या बांगड्या मागून आणल्या. तीन बांगड्या — एक वरच्या अंगाला, एक मध्ये, एक खाली — आतून घट्ट बसवल्या. बरगड्या जशा. दोन्ही टोकांना लाकडी चकत्या, झाकणाला मेण, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. आत प्रवासी म्हणून एक मुंगळा आणि त्याला शिदोरी म्हणून गुळाचा खडा.

तीनदा सोडला. तिन्ही वेळा मुंगळा जिता बाहेर आला, मिशा हलवत, एकदा तर मला चावला. आख्खी शाळा टाळ्या वाजवत राहिली. यशोधराची आई कामावरून परस्पर बघायला आली होती, अंगावर खडीची धूळ तशीच. आपली बांगडी समुद्रात जाऊन आली म्हणून ती लाजून हसत होती.

इथवर मी घरी सांगते, आणि मग एकदम फुटलेल्या घड्याळावर उडी मारते. मधलं गाळते.

लातूरला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. प्रदर्शन एका शाळेच्या इमारतीत होतं. तिची गच्ची आमच्या टाकीएवढीच उंच, सगळं तेच. पण मला रात्रभर एकच बोचत राहिलं — मुंगळा. नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, पुणे-औरंगाबादचे परीक्षक येणार, आणि मी त्यांच्यापुढे डब्यातून मुंगळा काढणार? आमच्या सासरच्या दुकानाची पाटी गावच्या चौकात, आणि सून मुंगळेवाली? बघा कशी होते मी. घड्याळ ठेवायचं ठरवलं. समुद्राच्या तळाशी टिकटिक करणारं घड्याळ! बाहेर काढायचं, साहेबांच्या कानाला लावायचं. काय तो थाट!

सकाळी यशोधरा नळी बांधायला गच्चीवर गेली होती. मी डबा उघडला. घड्याळ उभं राहावं म्हणून पुठ्ठ्याची गोल बैठक केली होती, ती मधल्या बांगडीला अडत होती. वरची बांगडी काढली. मधली काढली — चिमट्यानं ओढून, पत्रा जरा बाकला तरी. घड्याळ बसवलं. वरची परत ठोकली. मेण लावलं. मधली उरली हातात. आता ठेवू कुठं? हरवली तर तिची आई काय म्हणेल? म्हणून — अहो, किती मी काळजीची! — मी ती माझ्या हिरव्या बांगड्यांमध्ये चढवली.

बांगडी कशासाठी आहे हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. फळ्यावर आकृती काढून मीच समजावलं होतं. पण तीन वेळा टिकलाय की, म्हटलं. दोन बांगड्या आहेत की अजून. एका बांगडीनं काय होतंय?

साहेब आले. परीक्षक आले. मी यशोधराला मागे सारून स्वतः बोलायला लागले. गच्चीवरून, तिनं शिकवून ठेवलेल्या वर्गातल्या दुसऱ्या पोरीनं लाल पाणी ओतायला घेतलं. नळीत लाल रेघ चढत चढत गेली, सगळे माना वर करून बघत होते. रेघ गच्चीला टेकली. मी म्हणाले, आता आतलं घड्याळ समुद्राच्या —

आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी पोत्यावर बुक्की मारावी तेवढाच. ढब्ब. आणि नळीतली ती लाल रेघ माणसाच्या उंचीएवढी खाली आली, एकदम. मधे काही नाही. आत्ता वर होती, आत्ता खाली. मी आजही डोळे मिटले की ती पडताना दिसत नाही, पडलेलीच दिसते. कितीदा मी वर्गात शिकवलं होतं, पुस्तकात वाचलं होतं — पण इतकं झटकन होतं हे मला माहीतच नव्हतं. काही कुरकुर नको? काही इशारा नको?

बोल्ट काढले. डबा बाहेर आला तो मधोमध चेपलेला, ओला फडका पिळावा तसा. घड्याळाची काच आत, काटे बाहेर. पाणी गळत होतं. एका परीक्षकांनी डबा उलटा करून पाहिला, आत बोट घातलं आणि विचारलं, मधला आधार कुठाय?

आणि आता ते. आता सांगते.

मी म्हणाले, "राहिला वाटतं घालायचा. ही पोर अशीच धांदरट आहे."

डबा दबायला जेवढा वेळ लागला, त्याच्यापेक्षा कमी वेळात मी हे बोलले. विचार केला, मग बोलले, असं झालंच नाही. कुठं होतं हे वाक्य माझ्यात? किती दिवस तयार होऊन बसलं होतं? घड्याळाचा धक्का मला बसला तो बसला, पण खरा हादरा या वाक्याचा बसला — आवाज माझा, आणि किती सहज! आणि एक प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत पुरा विचारलेला नाही, आज विचारते. ती आमच्या गल्लीतली असती, दुकानदाराची लेक असती, तर माझ्या तोंडून हे इतक्या सहज आलं असतं का? उत्तर मला माहीत आहे. तुम्हालाही.

सगळ्यांनी यशोधराकडे पाहिलं. परीक्षक तिला समजावून सांगू लागले, की बाळ, शास्त्रात असा हलगर्जीपणा चालत नाही. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या हातावर होती. हिरव्या काचांमध्ये ती एक मळकी गिलटाची. मी पदर पुढं घेतला.

ती एवढंच म्हणाली, "चुकलं सर."

नंबर आला नाही. पुढच्या आठवड्यात तिची जागा रिकामी झाली. पोरी म्हणाल्या, आईसंगं खडी फोडायला जाते. उन्हाळ्यात तिचं लगीन लागलं, किनवटकडं कुठंसं दिलं. मला पत्रिका आली नाही, मीही विचारलं नाही. त्या मधल्या महिन्यांत मी तिच्या वाड्यावरून कितीदा गेले असेन? एकदा आत जाऊन तिच्या वडिलांना एक वाक्य सांगायचं होतं. एकच. डब्यापाशी मला वाक्य किती पटकन सुचलं होतं, आणि इथं पाय उचलत नव्हते. वर्षअखेरीस हेडमास्तरांनी माझं कौतुक केलं, बाईंनी दुष्काळात समुद्र उभा केला म्हणून. मी हार घालून घेतला. मान वाकवून, व्यवस्थित, गजरा सांभाळून.

आणि घरी मी ही घड्याळाची गोष्ट करून टाकली. हसण्याची. येडी बाई, तिचं घड्याळ, आणि मुंगळा. त्या गोष्टीत यशोधराचं नाव मी कधी घेतलं नाही. एक पोरगी होती, एवढंच.

परतीच्या गाडीचं तेवढं राहिलं.

एसटीत आम्ही दोघी एका बाकावर होतो. ती खिडकीशी, मांडीवर तो चेपलेला डबा. बाहेर उघडी रानं, कुठं हिरवं पान नाही. मी पदराखाली ती बांगडी काढायला बघत होते. गुपचूप तिच्या पिशवीत सोडून द्यायची, म्हणजे तिला वाटेल पडली होती, सापडली — एवढीच माझी अक्कल आणि एवढीच माझी हिंमत. पण उन्हानं हात सुजला होता. चढवताना सरकन चढली होती, आता अंगठ्याच्या हाडापाशी अडून बसली. मी ओढत होते, काचेच्या दोन पिचल्या, हाताला ओरखडे आले. आवाज तिला ऐकू येत असणारच. गाडी उदगीर सोडून पुढं आली तरी माझं चाललेलंच.

तिनं खिडकीतून मान वळवली नाही. बाहेर बघतच, हळू आवाजात, जशी वर्गात उत्तर द्यायची तशी म्हणाली —

"ऱ्हाऊ द्या बाई, हात सोलला तुमचा. माईला सांगते मी, बांगडी पाण्यात गेली."