इनासकाकांची गुळणी

ट्रम्पेट ओठांना लावण्याआधी इनासकाका थंड पेयाची गुळणी करत. नारिंगी पेयाचा मोठा घोट घ्यायचा, या गालातून त्या गालात फिरवायचा, समोरच्या दातांमागे जरा थांबवायचा आणि मग गिळून टाकायचा, असा सगळा साग्रसंगीत कार्यक्रम. वसईजवळच्या होळी गावात आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. समोरच्या लग्नघरी बॅण्ड वाजायला लागला, तसा मी बनियनवरच खाली उतरलो. "तोंड गोड केल्याबिगर सूर गोड येत नाय, भाऊ," असं म्हणत त्यांनी अर्धी बाटली माझ्या हातात दिली. हा माणूस मला तिथल्या तिथे आवडला. फुकटच्या गोडावर माझं प्रेम फार लवकर जडतं.

लग्नसराईत बॅण्ड आणि एरवी केळी-भाजीची वाडी, असं त्यांचं वर्ष चाले. मी रविवारी भाजी आणायला जाई आणि दोन तास बसून येई, कारण बाटली उघडल्याशिवाय ते पाहुण्याला उठू देत नसत. नुसत्या पाण्यावर पाहुणा परत पाठवणं म्हणजे त्याला हाकलून देणं, असं त्यांचं ठाम मत होतं. बॅण्डवाल्यांची तर आणखी चंगळ. वरात ज्या दारी थांबेल, त्या दारातून ग्लासांचा ट्रे बाहेर यायचा.

एकाच उन्हाळ्यात आम्हा दोघांना साखर निघाली. मी रिपोर्ट उशाशी घेऊन झोपलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो वाचून दाखवू लागलो. काका मात्र तिसऱ्याच दिवशी डाएटचा कॅन घेऊन हजर. डॉक्टरने साखर बंद सांगितली आहे, बाटली नाही, हा त्यांचा मुद्दा. इतका सोयीचा मुद्दा मी जन्मात ऐकला नव्हता, त्यामुळे तो लगेच पटला.

मग आमच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या जागी कॅन आले. पेयातली साखर वाचली म्हणून मी दुपारी जिलबी खाऊ लागलो, आणि जिलबी खाल्ली म्हणून पुन्हा डाएट पिऊ लागलो. आमची ही म्हणाली, "अहो, रेड्याला डाएट पाजलं म्हणून त्याचं हरीण होत नाही." पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. पेयात साखर नाही हे खरं, पण तुमची गोडाची चटक तशीच आहे, ताटातलं गोड वाढलंय आणि पाणी तुम्ही पीतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टर बदलला.

काकांची साखर मात्र उतरली. दिवसभर वाडीत राबणारा माणूस तो, पण श्रेय त्यांनी सगळं कॅनला दिलं. "आता तर पाप पन नाय," म्हणत ते दुप्पट गुळण्या करू लागले.

पुढच्या वर्षी त्यांच्या शेरॉनचं लग्न ईस्टरनंतरचं ठरलं. माझी पोर चर्चला निघेल ती माझ्याच ट्रम्पेटवर, दुसऱ्या कुणाला मी ओठ लावू देणार नाही, असं काकांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आणि नेमके तेव्हाच, ट्रम्पेटचा सगळा दाब ज्यांच्यावर येतो ते त्यांचे पुढचे दात ठणकू लागले. मी त्यांच्यासोबत दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं की साखर असो वा नसो, या पेयांत आम्ल असतंच. वर्षानुवर्षं ते तोंडात घोळवून दात झिजलेत, मधुमेहाने हिरड्याही सैल झाल्यात आणि पुढचे दोन दात काही राहायचे नाहीत. काकांनी एवढंच विचारलं, "लग्नापर्यंत राहतील?" बाई हत्यारं धुवायला वळल्या. मग आलाच आहात तर तुम्हीही 'आ' करा, असं त्या मला म्हणाल्या. तिथे काय दिसलं ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून काकांनी कॅन बंद केले. ते पाणी पिऊ लागले आणि संध्याकाळी केळीच्या बागेत जाऊन हळूहळू वाजवू लागले. आमच्या गॅलरीत ते ऐकू येई. धून छान चढायची आणि वर गेली की फाटायची. आमची ही दार लावून घ्यायची, कारण तिला ते ऐकवत नव्हतं.

लग्नाच्या सकाळी शेरॉन पांढऱ्या पोशाखात उंबऱ्यावर आली. काकांनी ट्रम्पेट उचललं. पहिली ओळ स्वच्छ आली आणि अंगणातल्या बायका डोळे पुसू लागल्या. वरच्या सुराला नुसती फुस्स हवा निघाली. काकांनी ओठ पुसले, पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. बॅण्डवाली पोरं खाली बघत उभी राहिली. शेरॉन उंबरा सोडेना. "डॅडी, तुम्ही वाजवा. मी थांबते," ती म्हणाली.

काकांनी ट्रम्पेट खाली घेतलं. "जा बाय," ते म्हणाले, "याच्यापुढं हवाच येनार."

मग पोरांनी धून उचलली आणि वरात हलली. काका ट्रम्पेट काखेत धरून मागून चालू लागले. मी त्यांच्या शेजारी होतो. मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या घरातून थंड पेयांचा ट्रे आला, आणि एवढं सगळं डोळ्यांदेखत होऊनही माझा मेला हात सवयीने पुढे गेला. काकांनी ते पाहिलं.

"घ्या भाऊ," ते म्हणाले. "तुम्हाला कुठं वाजवायचं हाय?"

टोमणा असता तर मी पिऊन टाकलं असतं. पण ते मनापासून म्हणत होते.