आप्पा जेवायला बोलावतात

उभ्या मराठवाड्यात सगळ्यात जास्त माणसांना जेवायला बोलावणारा आणि तरीही रोज एकटाच जेवणारा माणूस शोधायचा म्हटलं, तर तो आमच्या लातूरच्या जुन्या घरमालकांखेरीज दुसरा सापडायचा नाही. पाटबंधारे खात्यात नवा कारकून म्हणून लागलो, तेव्हा तीन वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. आज ते इतक्यांचे आप्पा झाले आहेत की आपण जुने ओळखीचे आहोत हे सांगायलाही संकोच वाटतो. नांदेडच्या आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा मला त्यांचे किस्से सांगतो आणि मी ते पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवतो.

आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. भांडं हातात घेतलं की तराजूशिवाय वजन सांगायचं आणि दारात माणूस दिसला की त्याला जेवायला बोलवायचं, या त्यांच्या दोन सवयी. पहिलीमुळे गिऱ्हाईक टिकलं. दुसरीमुळे त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा हात परातीतून कधी सुटला नाही. दुपारी दुकानात डबा जायचा तो दोघांचा, आणि दुसरा कोण हे आप्पा रस्त्याकडे बघून ठरवायचे. पोस्टमन झाला, कल्हईवाला झाला, चुकीचा पत्ता विचारत आलेले पाहुणे झाले. एकदा शेजारच्या दुकानदाराशी, त्यानं आपली फळी पुढं सरकवल्यावरून, कडाक्याचं भांडण जुंपलं असताना डबा आला. आप्पांनी भांडण तिथंच थांबवून त्याला शेजारी बसवलं, धपाटे खाऊ घातले, हात धुवायला पाणी दिलं आणि मग जिथं सोडलं होतं तिथून भांडण पुढं चालू केलं.

आता आपल्याकडे ‘या जेवायला’ ही बोलण्याची एक रीत आहे. जेवणाऱ्यानं ‘या जेवायला’ म्हणायचं, जाणाऱ्यानं ‘होऊ द्या’ म्हणून पुढं व्हायचं. कुणी खरंच येऊन बसलं तर घरातली बाई आत जाऊन डब्यातलं पीठ बघते. आप्पांना ही रीत अर्धीच ठाऊक होती. माझा जिना त्यांच्या जेवणाच्या खोलीवरून जायचा. मी खाणावळीकडे निघालो की आतून हाक यायची, “भाऊसाहेब, या जेवायला.” मी शहाण्यासारखं “होऊ द्या, आप्पा” म्हणायचो. “होऊ द्या म्हंजे काय? माझं तर होतंयच की! मी तुमचं इचारतोय.” मग खाणावळीचे पैसे भरलेले असूनही मी अक्कांच्या हातची अंबाडीची भाजी खायला बसायचो. त्या तीन वर्षांत मला आलेलं बाळसं सर्वस्वी त्या घराचं आहे.

पुढं माझी नांदेडला बदली झाली, आणि काही वर्षांनी अक्का गेल्या. पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, सोळाव्या दिवशी आप्पा आणि भांडी उरली. मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला, पण महिन्याभरात ते पिशवी घेऊन परत आले. म्हणाले, “धाव्या मजल्यावर दाराम्होरून कोणी जातच न्हाई. बोलवावं कुणाला?” लातुरात तरी काय वेगळं होतं म्हणा! दुकान त्यांनी सोडलं होतं, आणि गल्लीत दुपारी एक वाजता दारं लावून कूलर सुरू होतात. आप्पांनी दार उघडं ठेवून महिनाभर वाट पाहिली. गाडीवरून जाणारे लोक ‘होऊ द्या’ म्हणायलाही थांबेनात. दोनदा एक गाय आली, आणि आप्पांनी तिलाही भाकरी मोडून दिली.

त्यांचं दुकान एका मोबाइलवाल्या भाईंनी घेतलं होतं. त्यांच्याकडे बसून आप्पा हे गाऱ्हाणं सांगत होते, तेव्हा भाई सहज म्हणून गेले, “अब लोगां रस्ते पे कां हैं आप्पा? सब इसमें बैठे हैं.” आणि त्यांनी हातातला फोन दाखवला. दुसरा कोणी असता तर हसून उठला असता. आप्पांनी हेही अर्धंच ऐकलं. लोक यात बसलेले आहेत म्हणजे याला जेवायला बसवलं पाहिजे, असा त्यांनी सरळ हिशेब केला. भाईंकडून व्हिडिओ काढून पाठवायला शिकून घेतलं, घरी येऊन समोर पाट मांडला, पाटावर पितळी तांब्या ठेवला, तांब्याला टेकवून फोन बसवला आणि फोनसमोर ताट वाढलं.

त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तरी सांगतो. लिंगपूजा आटोपून कपाळाला भस्म लावलेले आप्पा “शरणार्थ!” म्हणून हात जोडतात. मग आजचा स्वयंपाक दाखवतात. स्वयंपाक त्यांना येत नाही आणि ते लपवतही नाहीत, वेड्यावाकड्या भाकरीत त्यांना आपल्या भागाचा नकाशा दिसतो. “ही भाकरी बघा, देगलूरकडून फाटली. कालची शिरूर अनंतपाळपर्यंत बरी हुती.” वरणात मीठ पडलं की नाही हे पाहणाऱ्यांनाच विचारतात. आणि मग पहिला घास हातात घेऊन म्हणतात, “या जेवायला.” एवढं म्हणून थांबतात, चांगलं मिनिटभर. एकदा पाटाकडे बघतात, एकदा दाराकडे. हातातला घास हातातच असतो. मग “बरं” म्हणतात आणि जेवायला लागतात.

या मिनिटानं त्यांना प्रसिद्ध केलं. आधी लोकांना वाटलं नेट अडकलं. कोणी लिहिलं, ‘आप्पा, हलून दाखवा.’ मग कोणाच्या तरी लक्षात आलं की म्हातारा खरंच थांबतो आहे, आणि मग जो तो ते मिनिट बघायला येऊ लागला. खाली रांगेनं उत्तरं पडायची: होऊ द्या आप्पा, होऊ द्या, होऊ द्या. भोकरहून, दुबईहून, कुठून कुठून. मुलानं हैदराबादहून कळवलं की ते मिनिट कापून टाका, आणखी लोक बघतील. आप्पा म्हणाले, “पाहुण्याला चप्पल काढायला तरी येळ द्यावा का न्हाई?” पुढं व्हिडिओच्या कंपनीकडून मानाची एक चकचकीत पाटी आली. आप्पांनी ती तळहातावर तोलली, “हलका माल हाय,” असा निकाल दिला आणि दुकानातलं भांड्यांवर नावं घालायचं जुनं यंत्र काढून तिच्यावर अक्कांचं नाव घातलं.

पैसे येऊ लागले, बोलावणी येऊ लागली. नायगावला एका ढाब्याच्या उद्घाटनाला त्यांना मोटार पाठवून नेलं. मीही नांदेडहून गेलो, म्हटलं भेट होईल. स्टेजवर एक टेबल, एक खुर्ची, एक ताट. आप्पांनी घास हातात घेतला आणि समोरच्या गर्दीला म्हणाले, “या जेवायला.” टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांनी फोन वर केले. आप्पा थांबले. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, मालक घड्याळ बघू लागला. त्या एवढ्या लोकांतून एक माणूस पुढं आला नाही. मी तिसऱ्या ओळीत होतो आणि माझाही हात वर होता, त्यात फोन होता. नंतर गाडीत बसताना त्यांनी मला ओळखलं. हात धरून म्हणाले, “भाऊसाहेब, मला जेवताना बघायला लई लोक हायेत. जेवायला कोणी न्हाई.” मी काहीतरी गुळमुळीत बोललो. गाडी गेली.

खरं सांगायचं तर मीही त्यांना रोज टाळत होतो. कचेरीत एक वाजता डबा उघडायचा, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवायचा, आप्पांचं ‘या जेवायला’ आलं की ‘होऊ द्या, आप्पा’ लिहायचं आणि जेवायचं. आपण संबंध ठेवून आहोत असं समाधानही वाटायचं. नायगावनंतर मात्र ते दोन शब्द लिहिताना बोट अडखळू लागलं. एका दुपारी ते मिनिट संपल्यावर आप्पा “बरं” म्हणाले नाहीत. “आज बी न्हाई,” म्हणाले आणि मान खाली घालून जेवू लागले. मी डबा तसाच झाकून ठेवला.

पुढच्या शनिवारी मी लातूरची बस धरली. पोचायला साडेबारा वाजून गेले. दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता, देगलूर, मीठ, सगळं चाललं होतं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो तेव्हा आप्पांची पाठ अर्धी माझ्याकडे होती. “या जेवायला,” ते म्हणाले आणि थांबले.

“आलो, आप्पा,” मी म्हणालो.

आप्पांनी दचकून पाटाकडे पाहिलं. फोनच बोलला असं त्यांना वाटलं. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी फोन न्याहाळला. मग वळले. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला, तांब्या बाजूला केला, फोन उचलून कोनाड्यात पालथा घातला आणि धोतराच्या सोग्यानं पाट पुसला.

“बस,” म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

वरणात मीठ नव्हतं. भाकरी कडेला कच्ची होती. मी चार खाल्ल्या. आप्पांनी पाचवी वाढली आणि माझं ताट उचलून म्हणाले, “जड हाय, आता असा माल येत न्हाई.” अक्कांचा विषय निघाला नाही, व्हिडिओचाही नाही. त्या दिवशी व्हिडिओ गेलाच नाही. परतीच्या बसमध्ये मी फोन उघडला तर खाली लोकांचा आकांत चालला होता: आप्पा, आज जेवला नाहीत का? तब्येत बरी आहे ना? आप्पा कुठं आहात?

मी जमेल तसा जातो. जमेल तसा म्हणजे किती, हे आपण सगळेच जाणतो. एरवी दुपारी एक वाजता मी डबा समोर ठेवतो आणि फोन पालथा घालतो. तो वाजू नये असं मनापासून वाटतं. भोकरहून, उदगीरहून, निदान शेजारच्या घरातून कोणीतरी उठून गेलेलं असावं, आप्पा पाट पुसत असावेत. पण पाच-दहा मिनिटांत फोन वाजतो. आप्पांचा नवा व्हिडिओ आलेला असतो.